पिंजऱ्याच्या आधी लागणारा पैसा

गावात बिबट्या दिसला की वनखात्याला फोन जातो आणि पहिली मागणी होते ती पिंजऱ्याची. माणूस दगावला तर सरकार त्याच्या वारसांना 25 लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत, आणि ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला ते कधीच पुरे पडणार नाहीत. पण याच बिबट्याचा अभ्यास करायला एखादी मुलगी याच गावात तीन वर्षं राहायला तयार असेल, वाड्यावस्त्यांवर फिरून नोंदी ठेवायला तयार असेल, तर तिचं जेवणखाण, गाडीचं पेट्रोल, कॅमेरे यांचा खर्च कोण करणार? आपल्याकडे आज याला नक्की उत्तर नाही.

ते उत्तर आपण मिळून तयार करायचं आहे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचा अभ्यास म्हटलं की कुणाला तरी तो फावल्या वेळेचा विषय वाटतो. खरं तर रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघालेल्या शिरूरच्या शेतकऱ्याचा तो विषय आहे. चंद्रपूरच्या रानात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईचा आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना घाबरून शाळेची वाट बदलणाऱ्या पोराचा आहे, हत्तींनी बाग तुडवलेल्या दोडामार्गच्या बागायतदाराचा आहे, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या धनगराचा आहे. आपल्यातलं कोण यातून सुटलं आहे?

जुन्नरची गोष्ट आपण सगळ्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. ती आपल्याच माणसांच्या जिवाची किंमत मोजून आपण शिकलो आहोत. 2001 च्या सुमारास जुन्नर भागात बिबटे पकडून लांबच्या जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. जंगलातला प्राणी जंगलात, माणूस गावात, हे कुणालाही पटेल. पुढे डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला. बिबटे हलवायला लागण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. हलवायला लागल्यावर ते 17 झाले. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. जिथे नेऊन सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले झाले.

म्हणजे संकट कमी व्हावं म्हणून जे करत होतो, त्यानेच ते वाढत होतं. आणि हे वाढणं कुणाच्याही डोळ्यांना दिसत नव्हतं, कारण प्रत्येक गावाला आपल्यापुरता एक बिबट्या गेल्याचं समाधान होतं. तालुक्या-तालुक्यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवणारं कुणीतरी लागलं. तो अभ्यास झाला, वनखात्याने तो ऐकला, आणि 2011 साली केंद्र सरकारने बिबट्यांबाबत ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत पकडून दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीला आवर घातला गेला. किती माणसं त्यामुळे वाचली असतील, ते मोजता येणार नाही. पण ती आपल्यातच आहेत, उसाला पाणी देताहेत.

नंतर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात काम झालं. चौरस किलोमीटरमागे 300 हून जास्त माणसं राहतात अशा त्या शेतीच्या खोऱ्यात वाटांवर, ओढ्यांत, बांधांवर कॅमेरे लावले गेले. दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 मोठे बिबटे आणि तेवढेच तरस तिथे राहत असल्याचं दिसलं. चुकून आलेले नव्हेत, राहते! त्यांच्या विष्ठेतले केस तपासल्यावर कळलं की पोटात गेलेल्या भक्ष्यापैकी 39 टक्के नुसती कुत्री. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा बराच कमी. एवढ्या एका माहितीने गावाला काय करता येतं बघा. उकिरडा आणि मटणाच्या दुकानामागची घाण आवरली की मोकाट कुत्री कमी होतात. रात्री शेळ्या भक्कम, बंद गोठ्यात घेतल्या की दावणीवरचं नुकसान टळतं. या उपायांना तंत्रज्ञान लागत नाही, ग्रामपंचायतीचा थोडा पैसा आणि लक्ष लागतं. पण उपाय सुचण्याआधी कुणीतरी उन्हातान्हात विष्ठा गोळा करत हिंडावं लागतं.

‘आजोबा’ आपल्याला सिनेमामुळे माहीत आहे. 2009 साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा बिबट्या गळ्यात माग सांगणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला गेला, आणि तिथून शंभराहून जास्त किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत रस्ते, रेल्वेचे रूळ, वस्त्या. माणसाला त्याने कुठे ओरखडासुद्धा काढला नाही. 2011 मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेत तो गेला. एका कॉलरने सगळ्या महाराष्ट्राला बिबट्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लावलं. शाळांत, एसटीत, चहाच्या टपरीवर लोक त्याच्याबद्दल बोलले. संशोधन आणि शिक्षण एकत्र आलं की काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे.

मुंबईतही हेच दिसलं. 2002 ते 2004 या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांवर बिबट्यांच्या हल्ल्यांचे फार वाईट दिवस आले होते. 2011 पासून वनखातं, अभ्यासक, पोलीस, पत्रकार आणि साधे रहिवासी एकत्र बसायला लागले. कचरा कुठे टाकायचा, रात्री मुलांना बाहेर कसं न्यायचं, बिबट्या शिरला तर गर्दी कशी पांगवायची, आणि बातमी कशी द्यायची, हे सगळं शिकवलं गेलं. आरेच्या पाड्यांतली मुलं आज बिबट्याबद्दल जे नेमकेपणाने सांगतात, ते ऐकून शहरातला सुशिक्षित माणूस गप्प होतो.

मग आज काळजी कशाची? काळजी अशी, की ही उत्तरं आता जुनी होत चालली आहेत आणि नवी शोधायला माणसं नाहीत. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसराने 2025 साली बिबट्यांच्या हल्ल्यांत जे सोसलं, ते अकोल्याच्या अभ्यासातून समजत नाही. उसातच जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या किती पिढ्या झाल्या? एका तालुक्यात हल्ले वाढतात आणि शेजारच्यात तेवढाच ऊस, तेवढेच बिबटे असून वाढत नाहीत, ते का? बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा आहे. ती करायची असेल तर आधी आणि नंतर, वर्षानुवर्षं मोजणी लागेल, नाहीतर उपयोग झाला की नाही हे कळणार कसं? संतापलेल्या गावाला आपण दोष देऊ शकत नाही. त्या गावाला खरी उत्तरं देणं हे आपलं सगळ्यांचं देणं आहे.

दुसरी काळजी तितकीच मोठी आहे, फक्त तिची बातमी होत नाही. आश्विन वद्य द्वादशीला आपण देशावर गाय-वासराची पूजा करतो, वसुबारस. त्याच तिथीला सह्याद्रीच्या कुशीतले महादेव कोळी, ठाकर, वारली वाघबारस करतात. वाघोबाला मान देतात, गुराढोरांना सांभाळ म्हणतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशे ठाणी नोंदली गेली. दीडशे! मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात. पूजा केली म्हणून हल्ला होत नाही, असं अभ्यासक म्हणत नाहीत. ते सांगतात ते असं, की ही जागा दोघांची आहे, दोघांनी मर्यादा पाळायची, हा समज या माणसांच्या मनात पिढ्यान् पिढ्या मुरलेला आहे आणि वनखात्याला त्यांच्याशी बोलायला यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही.

ती ठाणी रस्ता रुंदीकरणात जाताहेत. त्यांच्या कहाण्या सांगणारी म्हातारी माणसं जाताहेत. आश्रमशाळेतल्या पोरांच्या पुस्तकात आफ्रिकेतला सिंह आहे, आजीचा वाघोबा नाही.

धनगरांचंही तेच. रात्री वाड्याभोवती वाघर लावून मेंढरं आत घेणारा, कुठल्या टेकाडामागे लांडग्याची वीण आहे हे जाणणारा, कोकराचं पोट फुगलं तर कुठला पाला द्यायचा हे हातावर असलेला माणूस आपल्यामध्ये आहे. कळपातलं एखादं मेंढरू लांडग्याच्या वाट्याचं, असं मानणारे मेंढपाळ माळावर अजून भेटतात. शेतकरी त्यांची मेंढरं आपल्या शेतात खतासाठी बसवतो, धान्य देतो, पैसे देतो. ही सगळी एक जुनी, चालती व्यवस्था आहे. जर्मनीतून आलेले गुंथर सोन्थायमर आयुष्यभर या लोकांत हिंडले, मराठी शिकले, धनगरांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर ग्रंथ लिहिला. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी गवळी धनगरांचा माग काढला. मल्होत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले हे एकाच मुलखात राहून वेगवेगळे प्राणी कसे धरतात आणि एकमेकांच्या वाटेत कसे येत नाहीत, ते दाखवून दिलं. सोन्थायमर 1992 साली गेले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली रानातल्या माणसांची बोली ऐकत-टिपत पक्षिकोश, प्राणिकोश लिहून 2025 साली गेले. या कामाची पुढची पिढी आपोआप उगवणार नाही. तिला शिष्यवृत्ती लागते, मार्गदर्शक लागतो, हातात टेपरेकॉर्डर आणि खिशात एसटीचं भाडं लागतं.

संधी मात्र चालून आली आहे. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ माळरानं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे. 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची नोंद पहिल्यांदाच वेगळी घेतली गेली. दार किलकिलं झालं आहे, आपण ते ढकलायला हवं.

अशा अभ्यासाला वेळ लागतो, आणि इथेच आपलं चुकतं. आपण दोन वर्षांचा प्रकल्प देतो आणि तिसऱ्या वर्षी विसरतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरं देणारा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. पिढ्यान् पिढ्या कळप सांभाळून, मेंढपाळांच्या दारात बसून नोंदी ठेवून ते साधलं. पिंपरखेडच्याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे बारा वर्षांहून जास्त काळ उत्खनन केलं, हाडं वेगळी केली, मोजली, आणि तीनेक हजार वर्षांपूर्वी पाऊस आटला तेव्हा तिथले शेतकरी गुरांकडून शेळ्या-मेंढ्यांकडे कसे वळले, हे मांडलं. आज हवामान पुन्हा बदलत असताना हे उत्तर आपल्या उपयोगाचं आहे. बारा वर्षं कुणीतरी खर्च केला म्हणून ते आपल्या हातात आहे.

गिधाडांची गोष्ट तर अंगावर काटा आणते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला 1980 च्या दशकात गिधाडं मोजली होती. दहा वर्षांनी ते परत गेले तेव्हा घरटी ओस पडलेली, झाडाखाली मेलेले पक्षी. जुने आकडे वहीत नसते तर ‘पूर्वी जास्त होती बुवा’ एवढंच म्हणून आपण पुढे गेलो असतो. 2004 साली कारण सापडलं. जनावरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. 2024 मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला, की गिधाडं गेल्यामुळे सडती मढी, दूषित पाणी आणि मोकाट कुत्री वाढून 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली. आपण पक्षी मोजणाऱ्याला पगार देतो तेव्हा आपल्याच आयुष्याची राखण करत असतो.

आता जिथे पैसा, अभ्यास आणि शाळा हे तिन्ही एका वेळी एकत्र आले, तिथे काय झालं ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको. गोव्यात जाऊ. कुत्रा चावून होणाऱ्या रेबीजने भारतात दरवर्षी हजारो माणसं मरतात. जगातल्या अशा मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशातले. गोव्यात 2013 ते 2019 या काळात सरकार, पशुवैद्यक आणि अभ्यासक यांनी मिळून एक मोहीम चालवली. लसीकरणाची पथकं हातात स्मार्टफोन घेऊन वाडी-वाडीत गेली. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली, कुठला कुत्रा हाती लागला नाही, हे त्याच दिवशी नकाशावर चढत होतं आणि दुसऱ्या दिवशी पथक त्याच गल्लीत परत जात होतं. 95 हजारांहून जास्त कुत्र्यांना लस मिळाली, शंभरातल्या सत्तर कुत्र्यांपर्यंत पोचता आलं. याच वेळी शिकवणारी पथकं वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत गेली. कुत्रा अंगावर आला तर कसं उभं राहायचं, चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घरात सांगायचं, दवाखान्यात जायचं. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी उतरला. माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले.

हे आपल्या शेजारी, आपल्यासारख्याच माणसांनी केलेलं आहे. सावंतवाडीला, कोल्हापूरला, नाशिकला, परभणीला ते करता येईल. कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि कुत्र्यांना घाबरणारे सध्या एकमेकांशी सोसायटीच्या दारात भांडताहेत. दोघांनाही रेबीज नको आहे. दोघांनाही आपल्या वॉर्डात कुत्री किती, नसबंदी किती, लस किती, हे आकडे हवे आहेत. ते आकडे मोजायला दोघांनी मिळून एक रविवार दिला तर भांडण निम्मं संपेल, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, एवढी मोठी कामं मोठ्या संस्थांची. बिरवाडी-महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघा. कोकणात लाल विंचू चावून पोरं डोळ्यांदेखत जात होती. या डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून लक्षणं टिपली, 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकात ती मांडली, प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं. शंभरात तीसेकांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एकाच्या आसपास आलं. एका माणसाने, एका तालुक्यात. अशा किती जणांना आपण वही-पेनाचा खर्च दिला असता, तर काय काय उजेडात आलं असतं!

पैशांचं बोलू या, संकोच न करता. भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांतले 64 पैसे सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून खर्च करतो. त्यातलं माणूस-प्राणी नात्याच्या वाट्याला येतं ते चिमूटभर. प्राणिशास्त्रवाला म्हणतो हा विषय समाजशास्त्राचा, समाजशास्त्रवाला म्हणतो पशुवैद्यकाचा. मग अभ्यासक परदेशी संस्थांच्या छोट्या अनुदानांवर दिवस काढतात आणि तिशी उलटली की घर चालवायला दुसरी नोकरी धरतात. जाताना सगळ्या नोंदी, ओळखी आणि गावाचा विश्वास त्यांच्याबरोबर जातो. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आणि लागतं किती? विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती महिन्याला 37 हजार रुपये आहे. तीन वर्षांचे होतात 13 लाख 32 हजार. एका तालुक्यातल्या पन्नास गावांनी हा भार वाटून घेतला तर एका गावाच्या वाट्याला वर्षाला नऊ हजारांहूनही कमी येतात. यात्रेची कुस्ती, हरिनाम सप्ताह, बैलगाडा शर्यत यांसाठी आपली गावं बघता बघता लाखांनी वर्गणी उभी करतात. बैलावर जीव टाकणारी ही गावं आहेत. त्यांना नऊ हजार जड नाहीत. आजवर कुणी मागितले नाहीत, एवढंच.

कॅमेरे, प्रवास, पुस्तिका यांचा खर्च वेगळा, आणि त्यासाठी दारं उघडी आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वन्यजीवांचं रक्षण, प्राण्यांचं कल्याण, पर्यावरणाचा समतोल आणि शिक्षण हे सामाजिक दायित्वाच्या खर्चाचे विषय म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावीच लागते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या कुंपणापलीकडे बिबट्याचा मुलूख सुरू होतो. त्यांच्या दारात आपण जाऊ. सहकारी साखर कारखान्यांनी तर स्वतःहून पुढे यावं. ऊसतोडीच्या फडात सापडलेले बछडे वनखात्याच्या मदतीने रात्रीत पुन्हा आईला मिळवून देणारे मजूर आणि शेतकरी त्यांचेच सभासद, त्यांचीच माणसं आहेत. जिल्हा नियोजन समितीत आपला आमदार बसतो, त्याला लेखी निवेदन द्या. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतल्या मित्रांनो, तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याने परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर परदेशी देणगीची नोंदणी असलेली संस्था निवडा. एखाद्या तालुक्याची एक शिष्यवृत्ती एका मंडळाने घ्यावी.

पैशाबरोबर एक अट मात्र आपण घालू या. ज्या गावात अभ्यास झाला, त्या गावाला त्याचा निष्कर्ष मराठीत मिळालाच पाहिजे. आज हे सगळं ज्ञान इंग्रजी शोधनिबंधांत आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर कॅमेरा लावला होता, त्याला त्यात काय दिसलं हे कधी सांगितलं जातं, कधी राहून जातं. चाळीस पानांची पुस्तिका, ग्रामसभेत तासभर वाचन, शाळेत एक दिवस. अभ्यासकांना हे आवडेल. बहुतेकांना ते करायचंच असतं, छपाईला पैसे नसतात.

शिक्षकांनो, तुमच्या हातात तर सगळ्यात मोठं काम आहे. सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बसून आपल्या गावातल्या प्राण्यांबद्दल लिहून आणावं. कुठला प्राणी पूर्वी दिसायचा, कधीपासून दिसेनासा झाला, बैलाची नावं कशी ठेवायचे, साप निघाला तर काय करायचे, कुठल्या देवाला कुठला प्राणी. पन्नास मुलांच्या पन्नास वह्या म्हणजे गावाचा दस्तऐवज. शेजारच्या पशुवैद्यकाला, वनरक्षकाला वर्गात बोलवा, वाड्यावरच्या धनगराला तर आधी बोलवा. विद्यापीठांनी प्राणिशास्त्र, पशुवैद्यक, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांचा एक सामाईक अभ्यासक्रम सुरू करावा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे, शिरवळलाही एक आहे, नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे. माणसं आहेत, इमारती आहेत. मधल्या भिंतीत दार पाडायचं आहे.

आणि एक गोष्ट तर आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आधीच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित लवादाने जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा पुष्कळ ठिकाणी या वह्या घाईने भरल्या गेल्या. ती वही मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. तिच्यात तुमच्या ओढ्यातलं कासव आहे का, तरसाची कपार आहे का, डांगी गाय आहे का, वाघोबाचं ठाणं आहे का, बघा. नसेल तर घाला.

येत्या ग्रामसभेत विषय मांडायला अडचण काहीच नाही. ठराव साधारण असा लिहिता येईल: “गावाच्या शिवारातील वन्य व पाळीव प्राणी, त्यांच्यामुळे झालेले नुकसान व त्यांच्याविषयीची गावातील जुनी माहिती यांची नोंद दरमहा ठेवण्यात यावी. लोकजैवविविधता नोंदवही दरवर्षी ग्रामसभेत वाचून दुरुस्त करण्यात यावी. तालुक्याच्या अभ्यासवृत्तीसाठी गावाचा वाटा म्हणून दरवर्षी रुपये 9,000 लोकवर्गणीतून उभे करण्यात यावेत.” सूचक म्हणून स्वतःचं नाव घाला. अनुमोदक बघताना मळ्यातल्या वस्तीवर जा, आणि यंदा ज्याची शेळी किंवा कालवड बिबट्याने नेली आहे त्यालाच आधी विचारा.